आगाऊ मानलेले उपकार

दिवाळी मागे पडली की पिंप्राळ्याच्या बाभळींना कापूस लागतो. जिनिंग मिलकडे जाणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या वरून दोरखंडाने घट्ट आवळलेल्या असतात, तरी रस्त्याकडेच्या बाभळी जाता जाता त्यातला थोडा ओढून घेतात. मग दोन महिने काट्यांवर पांढरे पुंजके अडकलेले दिसतात. वारा सुटला की तेच पुंजके स्कूटरच्या सीटवर, रिक्षाच्या टपावर, किराणा दुकानापुढच्या पोत्यांवर येऊन बसतात. मावशीच्या ओट्यावरही येतात. मावशी झाडूने ते एका बाजूला लोटते आणि म्हणते, "आली बाई सुगी." तिच्या आवाजात आनंद असतो. सगळ्यांच्याच असतो. मी कपाशीच्या शेतात वाढलेली मुलगी, मलाही व्हायला हवा. पण ते पुंजके दिसले की मी नजर दुसरीकडे वळवते.

मी इथे जळगावात मावशीकडे राहून कॉलेज करते. यंदा बी.ए.चं शेवटचं वर्ष. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे पुष्कळशा गोष्टी मला उशिरा कळतात आणि कळल्यावरही त्या मांडताना मी अडखळते. हेही लिहिताना अडखळते आहे. मनात एक सुगी आहे, मी नववीत होते तेव्हाची. दर वर्षी कापसाच्या गाड्यांबरोबर ती परत येते, आणि दर वर्षी मला वाटतं की तिच्याबद्दल कोणाला तरी सांगावं.

गेल्या आठवड्यात नाना आले. नाना म्हणजे गावाकडचे आमचे शेजारी. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून, मध्ये फक्त एक बांध. ते आमच्या मंडळीतले, म्हणजे ख्रिस्ती, नव्हेत. त्यांच्या घरात खंडोबा आहे. पण आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कुठलाही निरोप त्यांच्याच तोंडून येतो. कापूस जिनिंगला टाकून ते टोपी झटकत ओट्यावर बसले आणि मावशीने दिलेला चहा बशीत ओतत अहिराणीत म्हणाले, "रविवारले उपकार शेत. आबानी सांगेल शे, पोरले धाडी द्या."

"उपकार आहेत खरे, पण अभ्यास आहे हो तिचा, नाना."

"अभ्यास काय पळी जास का?" नाना बशी फुंकत म्हणाले. मग माझ्याकडे न बघता हळूच बोलले, "आबा यंदा तुना नावना उपकार मानणार शे. मंडळीमधली पहिली बी.ए. म्हणीसन. बठ्ठा गावले सांगी ऱ्हायना."

"आणि माय?" मी विचारलं.

नानांनी बशी खाली ठेवली. "माय काय बोलस का? तुले माहीत शे."

मला माहीत होतं.

'उपकार' म्हणजे काय, ते इथल्या मैत्रिणींना मी बऱ्याचदा सांगायचा प्रयत्न केला आहे. पुस्तकात त्याला हंगामाचा सण किंवा उपकारस्तुतीचा सण म्हणतात. आमच्या गावात नुसतं 'उपकार'. आमचं गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. देऊळ पत्र्याचं आहे. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. कार्तिकातल्या एका रविवारी त्या देवळात ज्वारीच्या कणसांसकट ताटांची कमान उभी करतात. ताटं नानांच्या शेतातली असतात; आमच्या ताटांपेक्षा ती उंच म्हणून, आणि त्यांचे वडील देत होते म्हणून. मग प्रत्येक घर आपल्या शेतातलं पहिलं पीक फडक्यात बांधून आणतं. कोणाचा कापूस, कोणाच्या भुईमुगाच्या शेंगा, कोणाची नुसती मिरची. ज्यांना शेत नाही ते रानातला डिंक आणतात, मोहाची वाळलेली फुलं आणतात. घरटी एकाने उभं राहून एकच वाक्य बोलायचं, काय मिळालं ते, आणि शेवटी म्हणायचं, तुझे उपकार. तसं म्हटलं की सगळी मंडळी एका आवाजात म्हणते, देवाचे उपकार. मगच ते गाठोडं कमानीला बांधलं जातं. बांधायचं काम माझ्या वडिलांचं. आबा देवळाची घंटा वाजवायला लागले, तेव्हापासून हेही त्यांच्याकडे आहे. हातात सुतळी घेऊन ते कमानीशी उभे राहतात आणि मंडळीचा आवाज आला की गाठ मारतात.

लहानपणी मला हा सण नाताळापेक्षा जास्त आवडायचा, कारण त्यात हसायला मिळायचं. एकाने म्हशीला रेडी झाली म्हणून उपकार मानले, तर त्याची बायको मागून म्हणाली, दूध कोण काढतं तेही सांगा. एका सुनेने सासू दीर्घ मुक्कामाला मुलीकडे गेली म्हणून उपकार मानले आणि जीभ चावली. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी पुस्तक तोंडापुढे धरलं. तरी मंडळीने म्हणायचं ते म्हटलंच, देवाचे उपकार. देवळात ताज्या ताटांचा गोडसर वास असायचा, पत्र्यावर ऊन तापून टकटक आवाज यायचा, आणि दाविद माझ्या मांडीवर बसून कमानीतली कणसं मोजायचा. मोजताना तो नेहमी चुकायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा.

दाविद माझा धाकटा भाऊ.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला आणि वेळेवर थांबला. आमच्या कोरडवाहू जमिनीला असं वर्ष क्वचित मिळतं. कपाशी आबांच्या छातीला लागली होती. बांधावरून चालताना दोन्हीकडच्या झाडांची पानं खांद्यांना घासायची. गावात जो तो पिकाबद्दल बोलायचा आणि बोलून झाल्यावर नजर लागू नये म्हणून लगेच दुसरा विषय काढायचा.

पोळ्याच्या सुमारास दाविदला ताप आला. गावातल्या औषधाने उतरला नाही, म्हणून आबांनी त्याला धुळ्याला नेलं. मुदतीचा ताप निघाला. माय त्याच्याजवळ तिथेच राहिली. डॉक्टरांनी मनापासून केलं, हे माय आजही सांगते. दसऱ्याला ते त्याला घेऊन घरी आले तेव्हा ताप उतरलेला होता, पण दाविद खाटेवरून उठत नव्हता. पूर्वीचा दाविद म्हणजे खाटेवर ठरत नसे. आता त्याचे पाय चादरीखाली आहेत की नाहीत ते हात लावून बघावं लागायचं. माय पेज घेऊन बसायची. तो तोंड फिरवायचा. भाकरीचा वास आला तरी त्याला मळमळायचं. मायचा दिवस एवढ्याचसाठी जायचा, की त्याने एक घास खावा.

शलोमी अक्का आमच्या मंडळीतली सगळ्यात मोठी बाई. गावातल्या निम्म्या लेकरांची नाळ तिने कापलेली. तिच्या प्रार्थनेवर लोकांचा फार विश्वास. ती एका दुपारी आली, दाविदच्या कपाळावर हात ठेवून पुष्कळ वेळ बसली आणि मग मायला म्हणाली, "उपकारनी प्रार्थना ठेव वं."

आमच्याकडे आजारी माणूस उठला, बाळंतीण सुटली, नवं घर बांधलं, की मंडळीला घरी बोलावून उपकाराची प्रार्थना ठेवतात. गाणी होतात, गूळ-फुटाणे वाटतात. पण ते सगळं झाल्यावर.

माय म्हणाली, "अक्का, तो उठू तं दे. चालू दे दोन पाऊल."

"उठना मंग तं कोणीबी मानी वं. आते मान. देवले सांग, तू करं, मी मानी लिधं. तो खाली पडू देवाव नही."

जे अजून झालंच नव्हतं ते झालं म्हणून आधीच उपकार मानायचे, हे मायला पटेना. आबांना मात्र ते पटलं. मला वाटतं, त्यांना तेव्हा करण्यासारखं काहीतरी हवं होतं. दवाखाना झाला होता, औषधं झाली होती, त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. संध्याकाळी ते बांधावर नानांना म्हणाले की रविवारी घरी प्रार्थना आहे, या. नाना हसले. "आमनामां नवस बोलतस, काम व्हयनं का मंग फेडतस. तुमना उलटाच कारभार, भो. आगाऊच फेडी टाकतस."

"विश्वास म्हनतस त्याले," आबा म्हणाले.

"ऱ्हायनं," नाना म्हणाले. "गूळ मी आणसू."

प्रार्थनेच्या त्या दुपारची प्रत्येक गोष्ट मला आठवते, आणि ती सगळी चांगली आहे. हेच मला आजही सोसत नाही. अंगणात सतरंज्या होत्या. दाविदची खाट लिंबाच्या सावलीत आणलेली होती. ढोलकी वाजवणाऱ्या पोऱ्याचा पट्टा सुटला आणि ढोलकी त्याच्या मांडीवरून घरंगळत थेट पाळकसाहेबांच्या पायाशी गेली. दाविद हसला. किती तरी दिवसांनी त्याचे दात दिसले. सगळे त्याच्याकडे वळून बघू लागले, तसा तो लाजला. मग मायकडे बघून हळूच म्हणाला, "माय, भाकर."

माय धावत चुलीकडे गेली. दुपारची भाकर होती. तिने ती दुधात कुस्करली आणि त्याच्या तोंडाशी घास नेला. त्याने खाल्ला. दुसरा खाल्ला. सगळी मंडळी तो खातो आहे ते बघत बसली होती. मी गूळ-फुटाण्याची परात घेऊन दारात उभी होते, वाटायचं विसरून. शलोमी अक्का रडत होती. मायने हात पदराला पुसले, उभी राहिली आणि तो बरा झाल्यासारखंच सगळ्यांसमोर म्हणाली, "देवा, तू मना पोऱ्याले बरं करं. तुना उपकार."

देवाचे उपकार, सगळे म्हणाले. नानाही म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताप उलटला. पुन्हा धुळ्याला न्यायची गाडी ठरवेपर्यंत वेळ राहिला नाही. सकाळची वेळ होती, खळ्यावर कोणाचं तरी मळणीचं काम चालू होतं आणि तो आवाज थांबवायला कोणीतरी पळत गेलं, एवढं मला आठवतं. पुढचं मी लिहू शकत नाही. लिहावं असंही वाटत नाही.

दुःखाच्या घरात पीक उभं असतं तेव्हा काय होतं, ते मला त्या वर्षी समजलं. कापूस थांबत नाही. बोंडं फुटत राहतात. वेचला नाही तर खाली पडतो, मातीत मळतो. तिसऱ्या दिवशी माय कापूस वेचायची ओटी बांधून शेतात गेली. शेजारच्या बाया म्हणाल्या, आम्ही वेचून देतो, तू बस. ती बसली नाही. मी तिच्या मागच्या ओळीत वेचत होते. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरखडतात, नखांच्या कडेला रक्त येतं. त्या दिवसांत मायने हातांना तेल लावलं नाही. झाडं एवढी दाट होती की ओळीत वाकलेली माय मला दिसायची नाही, फक्त कापूस खुडल्याचा बारीक आवाज यायचा. तो थांबला की मी हाक मारायचे. ती हुं म्हणायची. पुन्हा आवाज सुरू व्हायचा.

घरात एक गोष्ट बदलली. आम्ही नेहमी जेवणाआधी प्रार्थना करायचो. ताटं वाढून झाली की आबा डोळे मिटायचे, अन्नासाठी उपकार मानायचे, मग हात ताटाला लागायचा. एका दुपारी आबांनी डोळे मिटले आणि मायने भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. आबांनी डोळे उघडले. ती शांतपणे जेवत होती. रागाने नव्हे. सगळं ताट संपवलं, हात धुतले, परत येऊन बसली, आणि मग डोळे मिटून ओठ हलवले. दुसऱ्या दिवशीही तसंच. आबांनी आपली प्रार्थना आधीच केली. काही दिवसांनी तेही आधी जेवायला लागले. तेव्हापासून आमच्या घरात प्रार्थना जेवणानंतर होते. पाहुणे आले की गोंधळतात.

शलोमी अक्का येत राहिली, पण आत यायची नाही. उंबऱ्यापाशी बसायची. मायने तिला एकदाही वेडंवाकडं बोलून दाखवलं नाही. पाणी द्यायची, चहा द्यायची. दोघी समोरासमोर बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या. मला वाटायचं, एकदाचं दोघींनी भांडावं. त्या भांडल्या नाहीत.

मग कार्तिक आला आणि देवळात कमान उभी राहू लागली. त्या वर्षी ताटं एवढी उंच होती की ती पत्र्याला टेकली. नानांनी स्वतः आणून टाकली आणि लगेच निघून गेले. शनिवारी संध्याकाळी आबा मायसमोर बसले. मी चुलीपाशी होते.

"उद्या येशील ना?" आबांनी विचारलं. आबा एरवी अहिराणीत बोलतात. देवळाचं काही असलं की पुस्तकी बोलतात.

"येसू."

"आपला कापूस घेऊन?"

"कापूसबी लई येसू," माय म्हणाली.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली. "आणि उभी राहशील? एक वाक्य. पावसाबद्दल बोल. पिकाबद्दल बोल. पीक तर त्याने दिलंच ना."

माय चुलीतलं लाकूड पुढे सरकवत राहिली. आबांचा आवाज खाली गेला. "आपलं गाठोडं बिनउपकाराचं राहिलं, तर मग आपलं घर कशात आहे? मला दुसरं काही येत नाही गं. घंटा वाजवता येते आणि उपकार मानता येतात. तेवढ्यावर मी उभा आहे."

तेव्हा मी लहान होते, पण आबांना कशाची भीती वाटते ते मला समजलं. मुलगा गेला होता. आता बायको देवळातून उठून गेली तर त्यांच्याकडे काहीच राहणार नव्हतं. आणि मायकडे काय राहिलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही.

रविवारी घरं एकेक करून उभी राहिली. पीक भरपूर होतं, म्हणून आवाजही मोठे होते. आमची पाळी जवळ आली तसे ते आवाज आपोआप लहान होत गेले. आधीच्या घराने तर शेंगांबद्दल इतकं हळू सांगितलं, की चोरून आणल्या आहेत असं वाटावं. मग माय उठली. फडक्यात पहिल्या वेचणीचा कापूस होता. ती कमानीपर्यंत चालत गेली, गाठोडं आबांच्या हातात दिलं आणि मंडळीकडे वळली. पत्रा टकटक वाजत होता.

"मी मानी टाकेल शेत," ती म्हणाली. "आगाऊच."

मानून झालेत, आधीच, एवढंच सांगून ती जागेवर येऊन बसली.

मंडळीने काही म्हटलं नाही. काय म्हणणार? तो उपकारही नव्हता आणि नकारही नव्हता. आबा सुतळी धरून उभे होते. त्यांची सवय अशी, की आवाज आल्याशिवाय हात गाठ मारत नाही. ते थांबले. पाळकसाहेबांनी खाली बघितलं. शलोमी अक्काने पदर तोंडावर ओढून घेतला. मग आबांनी हळूहळू, आवाजाशिवाय, गाठ मारली. ती सैल पडली असावी, कारण शेवटचं गाणं चालू असताना गाठोडं खाली आलं आणि कापूस कमानीच्या पायाशी पसरला. तो कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी मी गोळा केला.

त्यानंतर दर वर्षी माय कापूस घेऊन जाते, आबांच्या हातात देते आणि न बोलता परत येऊन बसते. मंडळी तेवढा वेळ गप्प राहते. पहिली दोन वर्षं ती शांतता टोचायची. पुढे ती सवयीची झाली. एका वर्षी गावातल्या एका विधवा बाईनेही आपलं गाठोडं तसंच न बोलता दिलं, आणि मंडळी तिच्यासाठीही तेवढाच वेळ गप्प राहिली. कोणी ठरवलं नव्हतं.

जळगावला आल्यावर मी इथल्या चर्चमधला हा सण पाहिला. इथे फुलं असतात, केळीचे घड असतात, एकदा तर अननसही होता. लोक बढतीसाठी उपकार मानतात, नव्या घरासाठी, मुलाच्या नोकरीसाठी. मनापासून मानतात, मी त्यांना हसत नाही. पण मी तिथे बसते तेव्हा माझ्या डोक्यात एक हिशेब चालू होतो, जो मला थांबवता येत नाही. दाविदला शिकवायचं ठरलं होतं. आबांनी तो जन्मला तेव्हाच बोलून ठेवलं होतं, हा कॉलेजात जाईल. माझं दहावीनंतर लग्न व्हायचं होतं, स्थळही डोळ्यापुढे होतं. तो गेल्यावर आबा एकदा म्हणाले, एकच लेकरू आहे, ते शिकू दे. बस. अशी मी कॉलेजात आले. माझ्या हातातलं प्रत्येक पुस्तक त्याचं होतं. मग मी कशाचे उपकार मानू? जे मिळालं त्याचे मानले, तर ते कसं मिळालं त्याचेही मानल्यासारखं होतं. नाही मानले, तर आबांच्या कष्टांकडे पाठ फिरवल्यासारखं होतं. मावशी नर्स आहे, तिने पुष्कळ मरणं पाहिली आहेत. तिला विचारलं तर ती म्हणाली, "एवढा विचार करू नकोस गं, जेव." तिच्याकडे प्रार्थना जेवणाआधी होते. मी त्यांच्याबरोबर डोळे मिटते, पण ओठ हलवत नाही.

शनिवारी मी एसटीने गावी गेले. आबा स्टँडवर घ्यायला आले होते. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "पोर बी.ए. व्हयनी." मी म्हणत होते, आबा, अजून परीक्षा व्हायची आहे. ते हसत होते. घरी माय कापसातला कचरा निवडत बसली होती. मला बघून तिने हात पुसले, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोडला.

जेवून, प्रार्थना करून झाल्यावर आबांनी विषय काढला. "उद्या मी हिच्या नावाने बोलणार आहे."

"निकाल लागी गया का?" मायने विचारलं.

"लागेल ना. एप्रिलात परीक्षा..."

"लागू दे मंग."

"अगं, चांगलं बोलायचं आहे. सगळे म्हणताहेत."

"आबा," माय म्हणाली. तीही त्यांना आबाच म्हणते. "हिना नावना आगाऊ उपकार मानू नका. मी हात जोडस."

तिने खरंच हात जोडले. इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेली पहिल्यांदा पाहिली. मला आतापर्यंत वाटायचं की ती देवावर रुसली आहे. ती रुसली नव्हती. ती मला जपत होती. आबांनी तिचे जोडलेले हात स्वतःच्या हातांत घेऊन खाली केले आणि म्हणाले, "नही मानाव. नही मानाव, बस."

रविवारी कमान छोटी होती. यंदा पाऊस मधेच गेला, ताटं गुडघ्याच्या जरा वर. लोकांची वाक्यंही लहान होती. शलोमी अक्का आता पार वाकली आहे, दोघींनी धरून आणावं लागतं. आमची पाळी आली. माय उठली, आबांच्या हातात फडकं दिलं. मंडळी सवयीने गप्प झाली. मी मान खाली घातली. आता ती परत येऊन बसेल, म्हणून तिच्यासाठी पदर आवरून घेतला.

ती आली नाही. मी वर बघितलं. ती मंडळीकडे वळून उभी होती.

"त्या दिनले," ती म्हणाली आणि थांबली. "त्या दिनले तो हासना. मना हातनी भाकर खादी. तुना उपकार."

एवढंच. पुढे काही नाही. तिने माझं नाव घेतलं नाही, यंदाच्या पिकाचं नाही, येणाऱ्या कशाचंच नाही. जे झालं होतं आणि आता कोणाला परत घेता येणार नव्हतं, तेवढंच तिने उचललं. त्याला इतकी वर्षं लागली.

मंडळीला आवाज फुटेना. बऱ्याच वेळाने मागून एक चिरका, एकटा आवाज आला, देवाचे उपकार. शलोमी अक्काचा. मग इकडून एक, तिकडून एक, असे विसकटलेले आवाज आले. एकत्र झालेच नाहीत. आबांचे हात सुतळीवर होते, पण गाठ बसत नव्हती. पाळकसाहेबांनी पुढे होऊन फडकं धरलं, तेव्हा ती बसली. माय येऊन माझ्या शेजारी बसली. ती रडत नव्हती. फक्त फार दमलेली दिसत होती, दिवसभर वेचून आल्यावर दिसते तशी.

सोमवारी सकाळी तिने मला एसटीत बसवलं. खिडकीतून भाकरीचं गाठोडं दिलं. "भूक लागनी का खाई ले," म्हणाली. परीक्षेबद्दल काही बोलली नाही. नीट लिही, असंसुद्धा नाही. गाडी सुटली तरी ती तिथेच उभी होती, हात न हलवता.

चोपडा मागे पडल्यावर मी गाठोडं सोडलं. भाकर, वर लसणाची चटणी, बाजूला गुळाचा खडा. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना विरळ कपाशी होती. शेजारच्या बाईला वाटा दिला. मावशीकडच्या सवयीने माझे डोळे आधी मिटले. मग मी ते उघडले. भाकर कोरडी होती, तरी एकेक घास करून सगळी खाल्ली. शेवटचा तुकडा गिळून झाल्यावर फडकं झटकलं, घडी घातली, मांडीवर ठेवलं, डोळे मिटले आणि ओठ हलवले.